टेबलावर उभी राहिलेली नर्स

आपल्या डोळ्यादेखत एका म्हाताऱ्याचा डोळा जाईल, आणि तोही उपकाराच्या जाणिवेपायी, असं कुणी सांगितलं असतं तर नॉर्वेच्या इंगरनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच.

एकोणऐंशीचा जानेवारी. नांदगावजवळच्या एका खेड्यात, शाळेच्या खोल्यांत मिशनवाल्यांनी मोतीबिंदूचं शिबिर मांडलं होतं. इंगर नर्स. महिनाभराची रजा टाकून, पदरचं भाडं भरून सेवेला आलेली. ऑपरेशन डॉक्टर करायचे, पुढची सगळी निगा हिच्याकडे. पेशंटनं आठ दिवस उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, आणि पट्टी सुटल्यावरही महिनाभर वाकायचं नाही. वाकलं की टाके तुटलेच म्हणून समजा. हे ती दिवसातून दहादा बजावी, आणि नाशिकच्या चर्चमधून दुभाषी म्हणून आलेली अक्काबाई ते खणखणीत मराठीत सांगे. सगळे माना डोलवत. नाय वाकत, म्हणत.

मग सहादूबाबांची पट्टी सुटली. चष्मा चढवला, म्हाताऱ्याला लख्ख दिसलं, आणि त्यानं सरळ डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. टाके तुटले, डोळा गेला. इंगर हातभर अंतरावर उभी होती, नुसती बघत राहिली. दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. वाकू नका म्हटलं होतं ना, असं तिनं विचारलं तर म्हातारा बिचारा चकित. तो वाकला कधी? वाकणं म्हणजे हंडा उचलणं, गवत कापणं. पाया पडणं कुणी वाकण्यात धरतं का? घ्या, आता काय बोलणार!

तिसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईची पट्टी सुटायची होती. तिचा एक डोळा लहानपणीच देवी येऊन गेलेला. उरला होता तो हा एवढाच. अक्काबाईनं आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसून परोपरीनं समजावलं, पण ही ऐकेल तर शपथ. जिनं आठ दिवस भरवलं, पुसलं, तिच्या पाया न पडता घरी जायचं? काही माणुसकी? इंगरनंही सांगून पाहिलं, की आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत, देवाचे आभार माना.

"देवाच्या पडंनच," कुसाबाई म्हणाली. "पन घास काय देवानं भरवला मला?"

सकाळी इंगरनं पट्टी सोडली. चष्मा लावल्यावर कुसाबाईनं आधी खिडकी पाहिली, मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि खाटेवरून उठून उभी राहिली. आता ही वाकणार, हे इंगरनं ओळखलं. तिनं बूट-मोजे भिरकावले आणि थेट मास्तरांच्या टेबलावर चढली. बाई आधीच ताडमाड, डोकं पार कौलांना टेकलं. कुणाकडून आपल्या पाया पडून घ्यायची तिला लाज वाटली, पापही वाटलं. पण हा डोळा गेला असता तर तिला जन्मभर झोप आली नसती.

अक्काबाई पदर तोंडाला लावून हसली, मग तिची ट्यूब पेटली.

"पडा आता आजी, उभ्यानंच," ती म्हणाली.

कुसाबाईनं ताठ उभी राहून इंगरचे पाय दोन्ही हातांनी धरले आणि हात कपाळाला लावले. असं तीनदा. मान तसूभर खाली गेली नाही, टाका जागचा हलला नाही.

मग तिनं वर पाहिलं. आठ दिवस नुसत्या आवाजावरून ती हिला पन्नाशीची धरून चालली होती.

"पोरगीच हाय की गं ही," ती अक्काबाईला म्हणाली. "माय हाय का हिला?"

अक्काबाईनं इंग्रजीत विचारलं, इंगरनं मान डोलवली. आहे.

"मंग तिला सांग म्हनावं. येवढ्या लांब लेक धाडली तिनं. तिच्या पाया पडायचं ऱ्हायलंय माझं. आली तर तिलाबी चढवा टेबलावर."

अक्काबाईनं ते इंग्रजीत सांगितलं मात्र, इंगर टेबलावर उभ्याउभ्याच हमसून रडायला लागली. जन्मभर देवाचेच आभार मानत आलेली ती पोर त्या सकाळी आधी कुसाबाईला थँक्यू म्हणाली.