एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं

"काका, तुम्ही आत एकटेच असता, मग बोलता कोणाशी?"

विचारायचं ते विचारून झालं आणि भोंगा दारातच उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. काका रागावून उठलेच असते तर बाहेरचा पाय कामाला आला असता. खाली जिन्यात तिच्या दोघी मैत्रिणी, चष्मेवाली आणि लंबू, तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. हिशेबकाकांच्या बंद दाराआडून दोन आवाज येतात, एक जाड आणि एक बारीक, हे लंबूनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि दुसरं माणूस वर जाताना किल्लीवाल्यानं कधी पाहिलं नव्हतं. किल्लीवाल्याचं दुकान बरोबर जिन्याखाली, त्याची नजर चुकवून मुंगीसुद्धा वर चढत नाही. विचारलंस तर तू खरी, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचलायची, असं ठरलं होतं. भोंग्याला दप्तरांची भीती नव्हती. पण 'हिला नाही जमणार' हे शब्द ऐकले की तिच्या अंगावर पित्त उठायचं.

तिचं हे नाव तिसरीपासूनचं. आवाजच असा की फळ्याजवळ पुटपुटली तरी शेवटच्या बाकावरचा दचकायचा. गेल्या वर्षी ते नाव इतकं टोचायला लागलं की तिनं बोलणंच सोडून दिलं. थोडंथोडकं नाही, वर्षभर. मधल्या सुट्टीत एकटी डबा खायची आणि संध्याकाळी आईबाबांच्या दुकानातल्या बटणांच्या कपाटाला जो आरसा आहे त्यात बघून दिवसभराचं साठलेलं बोलणं हळूच उरकायची. प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. मग या वर्षी शाळेच्या मैदानावर ऐन समारंभात माईक बंद पडला, बाईंच्या हातात बक्षिसांची यादी तशीच राहिली आणि कोणीतरी हिला पुढे ढकललं. चौसष्ट नावं तिनं बिनमाईकची वाचली. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांनीसुद्धा आपापल्या मुलांची नावं ओळखली. तेव्हापासून नाव तेच राहिलं, फक्त आता ती ते पदकासारखं मिरवायची.

खरं तर ती काही पैजेसाठी जिना चढली नव्हती. तिला बाबांनी पाठवलं होतं.

आईबाबांचं दुकान बटणांचं, चेनचं, दोऱ्यांचं आणि इलॅस्टिकचं. विक्रीवर गिऱ्हाईकाकडून कर घ्यायचा, दर तीन महिन्यांनी तो सरकारात भरायचा आणि किती माल विकला, किती कर जमला याचं रिटर्न पाठवायचं, हे सगळं दुकानाचं शटर पहिल्यांदा उघडलं त्या दिवसापासून हिशेबकाका करत आले होते. आणि या खेपेला त्यांनी अख्ख्या तिमाहीची विक्री शून्य दाखवली होती. तीही गणवेशांच्या तिमाहीची, जेव्हा दुकानात तीळ ठेवायला जागा नसते. नोटीस आली. दंड लागला तो दोन महिन्यांच्या भाड्याएवढा. बाबा म्हणाले, वय झालं की माणूस चुकतं, त्याला नावं ठेवू नयेत, पण आपली फाइल घेऊन ये. फोनवरून हिशेब करून देणारी एक कंपनी त्यांनी बघून ठेवली होती. बिलाचा फोटो काढायचा आणि विसरून जायचं.

गोष्ट एका फाइलीची असती तर निराळं होतं. पण चष्म्यांचं, रंगांचं आणि सायकलींचं अशी रांगेतली बाकीची तीन दुकानं बाबांच्या तोंडाकडे बघत बसली होती. बाबांनी मान हलवली की तीही उठणार. आणि हिशेबकाकांकडे मुळात उरल्या होत्या त्या या चारच फाइली.

काकांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. "दार पातळ आहे म्हणायचं," ते म्हणाले. "ये आत. दोन्ही पाय आण."

खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. काकांच्या खुर्चीचा वेत मध्ये खचलेला, समोरच्या खुर्चीवर मात्र विणलेली निळी उशी, फुगलेली, जणू आजच ठेवलेली. टेबलाच्या काठाला दोन्हीकडे कोपरांनी पॉलिश उडालेलं. पानं उलटताना बोट ओलं करायला वाटीत स्पंज, कागदाची गुंडाळी ओकणारं आकडेमोडीचं यंत्र, आणि एकावर एक रचलेली बिलबुकं.

"बोलतो काकूशी," काका म्हणाले. "म्हणजे तिच्या वाटचंही मीच बोलतो."

जिन्यातल्या दोघींना हे ऐकू गेलं असतं तर त्या थेट घरी जाऊन पांघरुणात शिरल्या असत्या. पण काका इतक्या साध्या आवाजात सांगत होते, जसं एखाद्यानं पेन्सिल कुठे मिळते ते सांगावं. पद्धतच आहे तशी, ते म्हणाले. बिलबुकातून एकानं मोठ्यानं वाचायचं, नंबर, तारीख, रक्कम, कर. दुसऱ्यानं विक्रीच्या रजिस्टरात तसंच्या तसं लिहिलंय का बघायचं, असलं तर लाल टिक करायची आणि म्हणायचं, आहे. की पुढचं बिल. सव्वीस वर्षं काकू वाचत होत्या आणि काका बघत होते. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. बिलं काही थांबली नाहीत.

"एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात ना. मी दोन वर्षं वाजवतोय. बाहेर ऐकू येतं ते हे."

"आणि तो बारीक आवाज?"

"तिचा बारीक होता. माझ्या आवाजात वाचलं तर मला आकडे पटत नाहीत."

भोंग्याला हसू आलं आणि घशातच राहिलं. तिला कपाटाचा आरसा आठवला. तिनं तरी त्या आरशात आवाज बदलला नव्हता. तेवढी वेळ तिच्यावर आली नव्हती.

काकांनी तिला फार वेळ उभं ठेवलं नाही. ती कशासाठी आलीय हे त्यांना नोटीस आली तेव्हाच कळलं असावं. आईबाबांच्या दुकानाची फाइल नाडी बांधून तयार होती. वर पाकीट, त्यात दंडाची रक्कम, आणि पाकिटावर 'फाइल मिळाली' अशी चिठ्ठी सहीसाठी. चूक दुरुस्त करता येते, ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सुधारलेलं रिटर्न पाठवता येतं, पण त्यासाठी तिमाहीची सगळी बिलं पुन्हा एकदा तपासायला हवीत. सहाशे बारा आहेत. नव्या माणसाला सांग, सोपं काम आहे, वेळखाऊ आहे एवढंच.

सही करायला ती निळ्या उशीवर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो, पण तोवर उशी दबली होती, आणि काकांनी नुसतं खिडकीकडे बघितलं. फाइल ओढून घेताना त्या फाइलीखालून दुसरी एक निघाली, पापडासारखी पातळ. वर नाव होतं लोकरीच्या दुकानाचं. असं दुकान रांगेत कुठेच नव्हतं.

भोंग्याच्या जिभेला हाड नव्हतंच. तिनं विचारलं.

ते दुकान याच खोलीत होतं, त्या खिडकीत. काकू लोकरीचे गुंडे विकायच्या. दिवसाला तीन गिऱ्हाइकं आली तरी त्यांना गर्दी वाटायची. दुकान काकूंबरोबरच संपलं, पण त्याची करनोंदणी काकांनी बंद केली नव्हती. नोंदणी जिवंत असेपर्यंत विक्री होवो न होवो, रिटर्न भरावंच लागतं. म्हणून दर तीन महिन्यांनी काका काकूंच्या नावानं एक शून्य पाठवत होते. या वेळी दोन्ही फाइली एकावर एक होत्या. काकूंचं शून्य आईबाबांच्या रिटर्नमध्ये गेलं.

"मीच वाचलं, शून्य. मीच म्हटलं, आहे," काका म्हणाले. "आपणच वाचलेलं आपण काय तपासणार?"

नोंदणी बंद का नाही केली, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि या वर्षात पहिल्यांदा तिनं तो गिळला. काकांनीच सांगितलं. फॉर्म एका पानाचा आहे, भरूनही ठेवलाय. फक्त शेवटच्या ओळीत कारण लिहायचं असतं.

बाहेर किल्लीवाल्याची कानस खर्रखर्र चालली होती. बाकी काहीच आवाज नव्हता. इतक्या आवाजाच्या मुलीला ती शांतता कुठे ठेवावी ते कळेना. तिनं सरळ सगळ्यात वरचं बिलबुक उघडलं, बोट स्पंजमध्ये बुडवलं आणि वाचलं, "बिल नंबर तीनशे एक." तारीख वाचली, रक्कम वाचली, कर वाचला. नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत.

काका दचकले. मग त्यांनी नाडी सोडली, फाइलीतून रजिस्टर काढलं, पट्टी ओळीखाली ठेवली आणि म्हणाले, "आहे."

तीनशे दोन. आहे. तीनशे तीन. आहे. भोंग्याला लय सापडली. बिलांवर आईचं गिचमिड अक्षर होतं, त्यात तिला सगळा हंगाम दिसायला लागला, पांढऱ्या बटणांची पाकिटं, निळ्या चेनी, तिसऱ्यांदा परत येऊन अर्धा मीटर इलॅस्टिक नेणारी ती कुरकुरी शिंपीणबाई. काकांचं 'आहे' दर वेळी त्याच सुरात, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. तीनशे अठ्ठेचाळीसपर्यंत आले तेव्हा तिनं डोळे वर केले. तिचा कर वाचून व्हायच्या आधीच काका "आहे" म्हणून मोकळे झाले होते. पट्टी हललीच नव्हती.

"काका, बघून सांगा," ती म्हणाली.

"आहे म्हटलं ना."

"मी अजून वाचतेय. बघून सांगा."

मोठ्या माणसाला असं म्हणायची सोय नसते, हे तिला कळत होतं. पण आवाज आधी गेला आणि अक्कल मागून आली. काकांनी चष्मा वर केला, पट्टी एक ओळ खाली घेतली, मग दोन ओळी, मग परत वर. तीनशे सत्तेचाळीसच्या खाली तीनशे एकोणपन्नास होतं. मधलं बिल रजिस्टरात चढलंच नव्हतं.

"नाही," काका म्हणाले.

तो शब्द त्या खोलीत दोन वर्षांत कोणी उच्चारला नसावा. काकांनी तो पुन्हा एकदा म्हटला, तोंडाला सवय व्हावी तसा. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला बराच वेळ पुसत राहिले. काचा एव्हाना लख्ख झाल्या होत्या.

"काकू मला अशीच पकडायची," ते शेवटी म्हणाले. "मी पुढे पळायचो. ती टेबलाखालून पाय मारायची."

"मी नाही मारणार," भोंगा म्हणाली. "मला आवाज पुरतो."

काका हसले. मोठं काही नाही, नाकातून आलेलं हसू, पण हसूच. त्यांनी गाळलेलं बिल लाल पेन्सिलीनं चढवलं आणि दोघांनी ते बिलबुक संपवलं. पन्नास बिलं झाली, पाचशे बासष्ट राहिली. काकांनी फाइल पुन्हा नाडीत बांधली आणि तिच्याकडे सरकवली. तिनं ती परत त्यांच्याकडे सरकवली. पाकीटही. चिठ्ठीवर सही केली नाही.

जिन्यात कोणीच नव्हतं. मैत्रिणी कंटाळून केव्हाच गेल्या होत्या; पायरीवर लंबूनं खडूनं लिहून ठेवलं होतं, 'तू जिंकलीस'. भोंगा त्या अक्षरांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. वर कोण बोलतं हे त्यांना उद्या सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. सांगितलं तर दोघी हसतील, आणि त्या हसण्यात आपल्याला सामील होता येणार नाही, एवढं मात्र तिला दिसत होतं. किल्लीवाल्यानं कानस थांबवून विचारलं, की आज वरचा बारीक आवाज फारच मोठा झाला होता, काकांची तब्येत बरी आहे ना. बरी आहे, ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

बाबा काउंटरवरच्या पितळी पट्टीवर इलॅस्टिक मोजत होते. आई दोऱ्याची रिळं रंगानुसार लावत होती. बाबांनी तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि फाइल कुठेय म्हणून विचारलं.

"फाइल तिकडेच राहणार," भोंगा म्हणाली.

आईनं हळू बोल, गिऱ्हाईक आहे, असं डोळ्यांनीच सांगितलं. भोंग्यानं आवाज खाली आणला नाही.

"महिनाअखेरपर्यंत रोज शाळा सुटल्यावर, आणि त्यानंतर दर शनिवारी, मी काकांकडे वाचायला जाणार आहे. ते एकटेच वाचत होते आणि एकटेच बघत होते, म्हणून चुकलं. आता मी वाचेन आणि ते बघतील. आपलं सुधारलेलं रिटर्न वेळेत जाईल. ते दंड स्वतःच्या खिशातून देत होते, मी घेतला नाही. तो आपण भरू, माझ्या सहलीचे पैसे त्यात घाला. आणि बाबा, रांगेतल्यांनी विचारलं तर हेच सांगा, किंवा मी सांगते, मला पलीकडच्या दुकानापर्यंत जावंसुद्धा लागणार नाही. आपली सगळी बिलं झाली की एका पानाचा एक फॉर्म आहे. त्याच्या शेवटच्या ओळीत काय लिहायचं ते काका ठरवतील. त्यांनी लिहिलं, की तो मी त्यांना वाचून दाखवणार आहे."