पाच मीटरच्या आत

एकशे अकराव्या खांबापाशी ती फोन छातीशी धरून उभी होती आणि आकडा उतरायची वाट पाहत होती. चौदा. अकरा. आठ. फोन आकाशातल्या उपग्रहांना हाका मारत होता आणि ते आपापल्या सवडीने ओ देत होते. तोवर हलायचं नाही, वाकायचं नाही, सावलीला म्हणून झाडाखाली सरकायचं नाही.

"आला का?" काकांनी विचारलं.

"सहावर अडलाय."

"अडू दे. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

काका म्हणजे विजेच्या खांबांच्या सर्वेक्षणातले तिचे जोडीदार. तीस वर्षं खांबांवर चढून गुडघ्यांनी राम म्हटला, तेव्हा निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं त्यांना हातोडी देऊन तिच्याबरोबर पाठवलं होतं. ती खांबाचा ठिपका नकाशावर घ्यायची, फोटो काढायची. काका खांबाच्या बुडाशी हातोडी मारून कान द्यायचे. आवाज खणखणीत आला तर 'चांगला', बद्द आला तर 'बाद'. त्यांच्या कानावर कार्यालयाचा पूर्ण भरवसा होता.

तिच्यावरही होता. फोनवरचा तो आकडा म्हणजे ठिपक्याच्या जागेतली चूक; ती पंधरा मीटरपर्यंत असली तरी ॲप चालवून घ्यायचं. नियम मात्र पाच मीटरचा होता आणि तो पाळणारी सबंध कार्यालयात ती एकटीच. बाकीचे बारा-तेरा दिसले की बोट टेकवून मोकळे व्हायचे. त्यांनी तिचं नाव 'पाचमीटरबाई' ठेवलं होतं. चिडवायला ठेवलं, पण वादाचा खांब निघाला की साहेब म्हणायचे, "पाचमीटरबाईंना पाठवा."

आकडा चारवर आला. तिने बोट टेकवलं, काकांनी हातोडी मारली. खण्ण.

मग दोघांनी वर पाहिलं. एकशे अकरावरून निघालेल्या तारा बोळावरून पुढे जात होत्या आणि एका पत्र्याच्या छपरावर येऊन थांबत होत्या. त्या छपरातून अर्धा खांब वर आला होता. बुंधा घरात, माथा बाहेर. तारा त्याच्या माथ्यावरून पुढे एकशे तेराकडे गेल्या होत्या.

"एकशे बारा," काका म्हणाले. "तुझ्या दादाचं घर ना हे?"

"हो."

हातोडीच्या दांड्याला चिकटलेला गंज काका अंगठ्याने उगाच खरवडत राहिले.

तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. तीन दिवस तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हा भाग मुळात तिच्या वाट्याला आलाच नव्हता. काहीबाही कारण सांगून तिने तो मागून घेतला होता. रस्त्यावर उभं राहून ठिपका घ्यायचा. जागा: रस्त्याकडेला. स्थिती: चांगला. फोटो एकशे तेराचा, क्रमांक दिसणार नाही अशा बाजूने काढलेला. दादाला तिने फोनवर सांगितलंही होतं, "मी आहे ना. तुम्ही कशाला काळजी करता?"

काळजीला कारण होतं. मागच्याच महिन्यात पलीकडच्या वस्तीत एका इस्त्रीवाल्याच्या खोलीत असाच खांब निघाला होता. तिने तो नोंदवला. जागा: बांधकामात. इस्त्रीवाला हात जोडून उभा होता आणि ती त्याला म्हणाली होती, "मी फक्त ठिपका टाकते हो. पुढचं माझ्या हातात नाही." नवव्या दिवशी पाडापाडीचं यंत्र आलं आणि खोलीबरोबर शेजारची भिंतही गेली. त्या दिवशी तिला नेहमीसारखीच भूक लागली होती, नेहमीसारखीच झोप आली होती. हे आठवलं की आता तिला स्वतःची चीड यायची.

"रस्त्यावर ठिपका टाकायचा असेल तर टाक," काका अखेर म्हणाले. "मी काही पाहिलं नाही. पण मला एकदा ठोकून बघू दे."

"कशाला? चांगलाच आहे तो."

"चांगला असेल तर चांगलाच वाजेल."

ती दादाच्या दाराकडे चालू लागली.

दादा मशीनवर बसला होता. गळ्यात टेप, दातात टाचणी, आणि पाठीशी एकशे बारा. खांबाला भिंतीचाच पिवळा रंग दिलेला. त्यावर कात्री अडकवायला हूक, आणि टेकताना मणक्याला रुतू नये म्हणून चिंध्यांची एक गादी बांधलेली. क्रमांकाची पट्टी तेवढी रंगातून सोडलेली होती. वहिनी दर वर्षी रंग द्यायची आणि ती पट्टी न चुकता सोडायची. "ओळख पुसू नये कुणाची," असं तिचं म्हणणं.

"या, या, पाचमीटरबाई!" दादाने टाचणी काढत हाक मारली. कापड घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाला तो लगेच सांगू लागला, "ही माझी बहीण. मापात पाप नको, हे शिकवलं मी, आणि नाव झालं हिचं."

एरवी ती हसली असती. आज तिने चप्पल काढायला उगाच वेळ लावला.

ही खोली दादाने तिच्यासाठी बांधली होती. बावीस वर्षं झाली. तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं. एकीत चूल आणि दुसरीत मशीन, आणि मशीनच्या खडखडाटात तिचा अभ्यास. ती परीक्षेत नापास झाली तेव्हा दादा तिला एक अक्षर बोलला नाही. घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात त्याने चार भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले आणि मधे आलेला खांब तसाच आत घेतला. त्या वेळी कुणी विचारायला आलं नाही. ती त्या खांबाला पाठ टेकून अभ्यास करायची. तारांची गुणगुण लोखंडातून उतरून पाठीला लागायची. पुढच्या वर्षी ती पास झाली, पुढे नोकरीला लागली, लग्न होऊन गेली आणि मशीन या खोलीत आलं. बोळात उघडणारं दार याच खोलीला होतं, म्हणून गिऱ्हाइकही वाढलं. आता घर या खोलीवर चालत होतं.

गिऱ्हाईक जाईपर्यंत काका दारात थांबले. मग त्यांनी खांद्याएवढ्या उंचीवर हातोडी मारली. खण्ण.

"बघा," दादा म्हणाला. "माझ्यापेक्षा तरणा आहे."

काका खाली बसले. गुडघे कडकड वाजले. खांब जिथे फरशीत शिरत होता तिथे त्यांनी हातोडी मारली.

बद्द.

त्यांनी बाजू बदलून मारली. तोच आवाज, भिजलेल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा. खिशातून त्यांनी पेचकस काढला आणि रंगावर टोक टेकवून दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो ओल्या, लाल भुग्यासकट.

"रोज पुसते मी फरशी," वहिनी आतल्या दारातून म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. "दोन वेळा पुसते."

"तेच पाणी मुरलं वहिनी. बाहेरचा खांब उन्हात वाळतो. याला बावीस वर्षं ऊन नाही."

मशीनच्या चाकावरचा दादाचा हात तसाच राहिला.

"पडला तर कुणीकडे पडेल?" त्याने विचारलं.

काकांनी हातोडीने तारांची ओढ दाखवली. हातोडी मशीनवरून, दारावरून फिरली आणि बोळापलीकडच्या ओट्यावर थांबली. तिथे शेजारीण नातीची वेणी घालत बसली होती.

"आज पडेल असं नाही," काका म्हणाले. "पण पुढच्या वादळाचं मी सांगू शकत नाही."

ती घाईघाईने बोलू लागली. "मी बाद लिहिते ना. ठिपका रस्त्यावरच ठेवते आणि बाद लिहिते. नवा खांब रस्त्याकडेला उभा करतील, तारा तिकडे घेतील, मग हा आपण हळूच..."

"नवा खांब टाकायला गाडी येईल ती ठिपक्यावर येईल," काका म्हणाले. "रस्त्यावर त्यांना सडका खांब दिसणार नाही. 'आढळला नाही' असं लिहून परत जातील. मी स्वतः लिहिलंय तसं, दहा वेळा."

"मग दारातून घेते."

ती दारात जाऊन उभी राहिली. वर पत्र्याची पन्हळ, दोन्ही बाजूंना भिंती. आकडा बाराच्या खाली येईना. नकाशावरचा ठिपका मात्र उडी मारून बोळ ओलांडत होता आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसत होता.

"हा जर पाठवला तर नोटीस तिच्या नावाने निघेल," ती म्हणाली. आपण हे कुणाला सांगतो आहोत, ते तिलाच कळलं नाही. क्षणभर तिने तो ठिपका तसाच राहू दिला, आणि तेवढ्याने तिचे कान तापले.

"खांब काय आमच्याच घरात सापडायचा होता?" वहिनीचा आवाज चढला. "सगळ्या शहराचे खांब मोजलेत, हा एक राहिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मशीन कुठे ठेवायचं? चुलीवर? आणि ही खोली मुळात कुणासाठी..."

दादाने तिच्याकडे पाहिलं. वहिनी पदराने डोळे पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवून उभी राहिली.

ते वाक्य वहिनीने पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, असं दादाच्या या धाकट्या बहिणीला वाटलं. मग भांडता आलं असतं. मी सांगितलं होतं का बांधायला, असं म्हणता आलं असतं. पण बावीस वर्षांत या घरात ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, आजही उच्चारलं गेलं नाही. ती आत आली आणि खांबाच्या बाजूला फोन धरून उभी राहिली. पडद्यावर आकडाही येईना. नुसतं एक वर्तुळ गरगरत होतं.

"पत्र्याखाली नाही पकडत," ती पुटपुटली. "आकाश दिसावं लागतं."

हे बोलताना तिला जरा हायसं वाटलं, हे खरं आहे. यंत्रालाच जमत नाही म्हटल्यावर माणसाने काय करायचं? आजचा दिवस तरी गेला. उद्याचं उद्या.

दादाने मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड उचलून घडी घातली. गळ्यातला टेप काढून गुंडाळला आणि खणात ठेवला. दिवसाउजेडी दादाला टेपाशिवाय तिने फार क्वचित पाहिलं होतं. मग तो मागच्या बाजूला गेला आणि शिडी घेऊन आला.

"वर लाइन चालू आहे ना?" त्याने काकांना विचारलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी उपकेंद्राला फोन लावला. "मी बोलतोय. फांदी तोडायची आहे, अर्धा तास बंद दे." डोक्यावरचा पंखा मंदावला, आणखी दोन फेरे फिरला आणि थांबला. बोळातल्या दोन-तीन घरांतून एकदम "गेली!" असा ओरडा झाला.

"खांबालगतच्या पत्र्याला हात लावू नका," काका म्हणाले. "त्याच्या शेजारचा घ्या. आणि शिडी भिंतीला लावा, खांबाला नको."

"दादा, काय करताय?" ती म्हणाली. "उतरा. उतरा आधी."

"तुला आकाश पाहिजे ना?"

तो वर चढला. वहिनी थोडा वेळ आतल्या दारात उभी राहिली, मग पुढे येऊन तिने शिडी धरली. गंजलेले नट आधी हलेनात. दादाने पाना दोन्ही हातांनी दाबला. एक कर्रर्र आवाज झाला आणि पहिला नट टणकन फरशीवर पडला. वहिनीने तो उचलला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि बटणांच्या डब्यात टाकला.

पत्रा सरकला तसं ऊन आत आलं. मशीनवर, कात्रीवर, खांबाच्या पिवळ्या रंगावर. बावीस वर्षांची धूळ उन्हात वर चढू लागली. धाकटीने खांबाला तळहात लावला. गुणगुण बंद होती. दुसऱ्या हातातल्या फोनवर वर्तुळ थांबलं आणि आकडा आला. पंधरा. बारा. नऊ.

"पकडलं का गं?" वरून दादाने विचारलं.

"पकडलं."

"कितीवर?"

"आठ." तिने वर पाहिलं. "चालतं आठला. ॲप घेतं. उतरा आता."

"घरातच आहे का ठिपका?"

"भिंतीवर आहे. चालतं, दादा."

"कुणाला चालतं?"

काका हातोडी मांडीवर ठेवून फरशीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली. वर पाना दुसऱ्या पत्र्याच्या नटावर बसल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा तोच कर्रर्र आवाज.

"हलू नकोस," दादा वरून म्हणाला.

नट पडला. वहिनीने तो उचलून डब्यात टाकला. आकडा सहावर आला. ती उन्हात फोन धरून उभी राहिली.