उजवं बटण

एकोणऐंशी साली रहिमतपुरात टीव्ही म्हणजे नवलाईच होती. पण नाथाजी हवालदारांच्या टीव्हीवर बातम्या कमी आणि मुंग्याच जास्त दिसायच्या. पुण्याकडून निघालेलं चित्र डोंगर ओलांडता ओलांडता दमून जायचं. त्यांचा मुलगा लालासाहेब बोटीवर नोकरीला होता. गणपतीच्या सुट्टीला येताना त्याने परदेशातून एक खेळाची पेटी आणली. ती टीव्हीला जोडली की पडद्यावर दोन उभ्या पांढऱ्या फळ्या आणि एक चेंडू उमटायचा. पेटीवर दोन बटणं. डावं फिरवलं की डावी फळी वरखाली व्हायची, उजवं फिरवलं की उजवी. चेंडू अडवायचा आणि पलीकडे धाडायचा, एवढाच खेळ.

हवालदारांच्या बायकोला, रंगूबाईंना, त्या खेळात काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव अडकला होता तो हवालदारांच्या उजव्या हातात. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, वाचा सावरली, हात मात्र रुसून बसला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं रोज वळवा, नाहीतर हाताचं लाकूड होईल. दाबायला एक रबरी चेंडूही दिला होता. मी काय कुकुलं बाळ हाय का, म्हणत हवालदारांनी तो गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हाच पीळ.

पण पंचवीस वर्षं पलटणीत सिग्नलमध्ये, बिनतारी यंत्रांवर काढलेला माणूस. समोर बटण दिसल्यावर त्याचे हात शिवशिवणारच. पहिल्याच दिवशी त्यांनी उजवा हात उचलून बटणावर ठेवला, आणि रंगूबाईंनी मनातल्या मनात देवाला नारळ बोलला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की नवरा-बायको पडद्यापुढे बसायची. रंगूबाई मुद्दाम हरायच्या, पण अशा बेताने की त्यांना संशय येऊ नये. नवरात्र बसेपर्यंत हवालदारांनी सदऱ्याची वरची गुंडी स्वतःच्या हाताने लावली. त्या दिवशी रंगूबाईंनी कुणालाही न सांगता शिरा केला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची. कोयता आला, खुरपी आली, शिवणयंत्र आलं, हवालदारांची पदकं आली. रंगूबाईंनी पेटीही आणून मांडली. ज्याच्यानं हात चालतो ते हत्यारच की. बाकीच्यांना एकेक बोट हळदकुंकू मिळालं, उजव्या बटणाला मात्र चिमूटभर. पुढे त्यांना ती सवयच जडली. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की गुपचूप एक चिमूट त्या बटणाच्या बुडाशी टाकायची, हात जोडायचे, आणि हवालदार मारुतीच्या देवळातून यायच्या आत पदराने वरवर पुसून घ्यायचं.

दिवाळी झाली आणि उजवी फळी थरथरायला लागली. हात जागच्या जागी असला तरी फळी मधेच टुणकन उडायची. हवालदार फळीकडे बघत राहिले. रंगूबाईंनी एका चिमटीच्या दोन केल्या. फळी आणखीच नाचायला लागली. सिग्नलच्या माणसाला आधी यंत्राचा संशय यायला हवा होता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्यांना भीती हाताची होती, म्हणून खोट हातातच दिसली.

एका संध्याकाळी अर्ध्या डावातून ते उठले.

"हात पुन्ना जायला लागलाय, रंगू," ते म्हणाले. "पडद्यावर दिसतंय की. ठिव ती पेटी माळ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदरा घालून रंगूबाईंपुढे उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. गुंडी लावून दे, असं तोंडाने म्हणाले नाहीत. रंगूबाईंनी ती लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

दोन आठवड्यांनी लालासाहेबाचं पत्र आलं, पेटीवर धूळ बसू देऊ नका म्हणून. हवालदार देवळात गेल्यावर रंगूबाईंनी पेटी खाली काढली, झटकली, आणि चालते का बघावं म्हणून टीव्हीला जोडली. त्यांनी उजवं बटण धरलं. फळी थरथरली. त्यांनी बटण घट्ट धरलं तरी फळी उडतच राहिली. त्यांचा हात तर भाकऱ्या थापून थापून पाट्यासारखा झालेला, त्याला कसला कंप? त्यांनी पेटी पालथी करून थापटली. बटणाच्या बुडातून पिवळीलाल भुकटी फरशीवर सांडली.

रंगूबाई भुकटीशेजारी खाली बसल्या. हात चांगला आहे म्हणून हसू येत होतं आणि चांगला हात आपणच लुळा ठरवला म्हणून अपराधी वाटत होतं. लेकाने एवढ्या लांबून आणलेली वस्तू, त्यात नवऱ्याचा राग म्हणजे ठसका लावणारी मिरची. भुकटी पुसून गप्प बसता आलं असतं. पण गुंडीसाठी वर केलेली ती मान त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हवालदार उंबऱ्यातून आत आले तेव्हा त्या तशाच बसून होत्या.

"आवं, तुमचा हात न्हाई बिघडला. पेटी बिघडलीया. मीच बिघडवलीया."

त्यांनी सगळं सांगितलं. हवालदारांनी वाकून फरशीवरची भुकटी बोटाने उचलली, हुंगली.

"कवापास्नं टाकतीयास?"

"खंडेनवमीपास्नं."

"उजव्याच बटनाला?"

"दुखणं उजवीकडंच हाय न्हवं."

हवालदारांनी बोटावरची भुकटी सदऱ्याला पुसली. मग त्यांनी शिवणयंत्राचा पेचकस मागितला.

पेटीला चार स्क्रू होते. रंगूबाईंनी दोन्ही हातांनी पेटी दाबून धरली आणि हवालदारांनी पेचकस लावला. आत घरभरची धूळ होती, दोन मुंग्या होत्या, आणि उजव्या कोपऱ्यात हळदीचा थर. कोंबडीच्या पिसाने त्यांनी तो मोकळा केला. मग सायकलच्या पंपाने वारा मारला, तशी सगळी हळद उडून त्यांच्या मिशांवर बसली. ते चारदा शिंकले आणि जेजुरीला जाऊन आलो बग, म्हणत खदखदून हसले. वर्षभरात रंगूबाईंनी त्यांचं असं हसू ऐकलं नव्हतं.

शेजारच्या कंपाउंडरकडून थोडं स्पिरिट आणलं. रेडिओचा आवाज वाढवायचं बटण खरखरायला लागलं की काय करायचं ते हवालदारांना पाठ होतं. बुडात दोन थेंब सोडायचे आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. त्यांनी फिरवायला सुरुवात केली, पुन्हा दोन थेंब सोडले, पुन्हा फिरवलं. पन्नास वेळा तरी फिरवलं असेल. कोणत्या हाताने ते आधी दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग तो उजवा हात ध्यानात आला रंगूबाईंच्या, आणि त्यांनी श्वास रोखून धरला, जणू पाखरू उडून जाईल.

पेटी मिटवली, जोडली. उजवी फळी पडद्यावर उभी राहिली, अगदी पहाऱ्यावरच्या शिपायासारखी ताठ. त्या संध्याकाळी हवालदार आठ चेंडूंनी हरले, कारण रंगूबाई आनंदाच्या भरात हरायचं विसरल्या.

"म्हंजी इतके दिस तू मुद्दाम हरत हुतीस व्हय?"

रंगूबाईंनी मान खाली घातली. हवालदारांनी बटणावरचा हात उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. मनगटाच्या रेषांत अजून हळद होती.

"आता म्होरं हळदकुकू लावायचं ते हितं लाव," ते म्हणाले. "पेटीला नगं."

रंगूबाई देवघरातून करंडा घेऊन आल्या. हवालदारांचा हात तसाच, न हलता, पुढे होता. कुंकू लावताना थरथरला तो भाकऱ्या थापणारा हात.