ठेवू की टाकून देऊ?

मी एक जुना हमाल आहे, मित्रांनो. पण माझ्या डोक्याला मुंडासं नाही आणि पाठीवर पोतंही नाही. बाईंच्या खोलीत खिडकीशी जो संगणक आहे, त्याच्या पोटात मी राहतो. तुम्ही एका जागचा मजकूर कॉपी करता आणि दुसऱ्या जागी पेस्ट करता ना? मधल्या वेळात तो कुणाच्या तरी हातात असतो. ते हात माझे.

मला कुणी घडवलं ते

थांबा. बाईंनी एक शब्द उचलला. ‘दीपगृह’. नेऊन ठेवला. झालं.

काय सांगत होतो? बघा, हे असं होतं. नवं ओझं आलं की आधीचं गळून पडतं. एका वेळी एकच वस्तू मला धरता येते, मग तो एखादा स्वल्पविराम असो की अख्खं पुस्तक. त्यामुळे उचललेलं मला आठवत नाही. उचलायला लावणारी माणसं तेवढी आठवतात.

बाई कादंबऱ्यांचा अनुवाद करतात. मी नवा होतो तेव्हा त्या एकदा म्हणाल्या होत्या, “काय सोय आहे! पूर्वी अख्खं पान पुन्हा लिहायला लागायचं.” माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे मी आहे हेच सगळे विसरले. काम मात्र वाढत गेलं.

बाईंचे यजमान निवृत्त बस कंडक्टर. संगणकानं काहीही विचारलं की ते न वाचता ‘नाही’ दाबतात. “विचारतोय म्हणजे काहीतरी गळ्यात मारतोय,” असं त्यांचं म्हणणं. वर पुटपुटतात, “जागा नाही.”

“अहो, तो संगणक आहे. दारात लोंबकळणारा प्रवासी नाही,” बाई चिडवतात.

बाईंचीही एक सवय आहे. काही केलं की लगेच सेव्ह. बोटं आपणहून जातात.

त्या दुपारी पुस्तक प्रकाशकाकडे जायचं होतं. दीपगृहात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या दिवेवाल्याची कादंबरी. प्रकाशकाला मजकूर नव्या प्रोग्राममध्ये हवा होता. बाईंनी जुन्या प्रोग्राममधलं सगळं पुस्तक निवडलं आणि कॉपीऐवजी कट केलं. घर बदलताना आपण मागे काही ठेवत नाही, तसं. मग सवयीनं सेव्ह. जुनी फाइल कोरी झाली. दुसरी प्रत काढून ठेवायचं उद्या-उद्या करत राहूनच गेलं होतं.

आता बाईंचं पुस्तक फक्त माझ्या हातात होतं.

त्यांनी पेस्ट केलं. नवा प्रोग्राम एकेक प्रकरण दिलं असतं तर सुखानं जेवला असता. त्याच्या तोंडात एकदम सगळं कोंबलं. पडद्यावरची त्याची खिडकी पांढरी पडली. वर अक्षरं उमटली, ‘प्रतिसाद देत नाही’. तो बिघडला नव्हता, मित्रांनो. चावत होता. त्याला फक्त वेळ हवा होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ तुटला.

“अहो! नळवाल्याला बोलवा! नंबर माझ्या ईमेलमध्ये आहे!” बाई फडकी घेऊन धावल्या.

यजमान खुर्चीत बसले. संगणक रखडत होता. गर्दी हटवावी तशा ते एकेक खिडक्या बंद करू लागले. जुना प्रोग्राम बंद करायला गेले, तेव्हा पाटी आली. ‘फार मोठा मजकूर उचलून ठेवला आहे. ठेवू की टाकून देऊ?’

ती पाटी म्हणजे माझा आवाज. मला आयुष्यात तेवढंच बोलता येतं.

“जागा नाही,” यजमान म्हणाले आणि न वाचता नेहमीचं बटण दाबलं.

पांढरी खिडकीही त्यांनी मिटवली. हात रिकामे झाले की हमालाला बरं वाटतं. मला वाटलं नाही.

बाई ओल्या हातांनी परत आल्या. नवा प्रोग्राम उघडला. आत काही नाही. जुनी फाइल उघडली. कोरी. त्यांनी घाईनं पेस्ट केलं. कोऱ्या पानावर एक फोन नंबर उमटला.

“हे काय?”

“नळवाल्याचा नंबर. ईमेलमधून उचलला होता. येतोच म्हणाला.”

“आणि पुस्तक?”

“कुठलं पुस्तक?”

“अहो, तुम्ही काय दाबलंत?”

“नेहमीचंच. ‘नाही’,” यजमान म्हणाले.

बाईंनी प्रकाशकाला फोन केला. “वेळ लागेल,” एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मूळ परभाषेतलं पुस्तक शेजारीच होतं. पण बाईंचे शब्द त्यात नव्हते.

नळवाला येऊन गेल्यावर यजमानांनी स्टूल ओढलं.

“पहिलं वाक्य लिही.”

“आठवत नाही.”

“मला आठवतंय. ‘दिवा लागला, पण समुद्राला त्याचं काही नव्हतं.’ मी म्हटलं होतं, काही नव्हतं काय, सोयरसुतक नव्हतं लिही. तू ऐकलं नाहीस.”

रोज संध्याकाळी बाई त्यांना लिहिलेलं वाचून दाखवत आणि ते मटार सोलत वाद घालत. त्या वादांसकट बरंच काही त्यांच्याकडे राहिलं होतं. तिथवर माझे हात पोचत नाहीत.

बाईंनी नाक पुसलं. मग टाइप केलं, ‘सोयरसुतक’. सेव्ह.

ते काम अजून चालू आहे. पुष्कळ विसरलंय, पुष्कळ नव्यानं

थांबा. एक परिच्छेद आला. ठेवला.

आता बाई एकेक प्रकरणच हलवतात, आणि कॉपी करतात, कट नाही. काल यजमान संगणक बंद करत होते आणि पुन्हा माझी पाटी आली. त्यांचा हात थांबला. चष्मा लावून त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

“अगं, ठेवू का विचारतोय.”

“काय आहे त्यात?”

“आपलं तिसरं प्रकरण.” त्यांनी बटण दाबलं. “जागा आहे.”

मित्रांनो, मी थकलोय. आभार नकोत मला. ओझं बेतानं द्या, समोरचा चावत असेल तर दम धरा, आणि पाटी आली की वाचा. मला एकदाच विचारता येतं.