शिक्का बावड्यातच राहिला

मित्रांनो, मी एक जुनी संगणकप्रणाली आहे. मला वजन नाही, रंग नाही आणि मला हातात धरता येत नाही. तुम्ही संगणक सुरू करता, पडद्यावर खिडकी उघडते, अक्षरे उमटतात, प्रिंटर हलतो. हे सारे माझ्यासारखी एखादी प्रणाली घडवून आणते. माझा गाभा लिनक्स या सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालीचा आहे. बाकीचा संसार माधव सर नावाच्या एका शिक्षकांनी थाटला.

संगणकाच्या आत प्रोसेसर नावाचा मेंदू असतो आणि प्रोसेसरांचीही घराणी असतात. घरोघरच्या संगणकांत आज दिसतात ती एकदोन घराणी माझी नव्हेत. कोल्हापुरातल्या छापखान्यांत ज्यांना एके काळी मान होता आणि पुढे जे भंगारात निघाले, त्या संगणकांची भाषा मला येते. त्यांचे प्रोसेसर बनायचे थांबले. मग मोठमोठ्या प्रणालींनीही त्यांना एकेक करून वगळले. यात कोणाची दुष्टाई नव्हती. सांभाळायला माणसे लागतात आणि ती उरली नव्हती. कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यात मात्र एक माणूस उरला होता.

माधव सर पदार्थविज्ञान शिकवत. पुराव्यावाचून ते कशावरही विश्वास ठेवत नसत. चालता संगणक केवळ जुना झाला म्हणून टाकून द्यावा, याला त्यांना पुरावा सापडला नाही. त्यांनी एकेक प्रोग्राम त्या प्रोसेसरच्या भाषेत आणला आणि मी उभी राहिले.

माझ्या प्रती निघाल्या. जयसिंगपूरच्या एका शाळेत मुले माझ्यावर मराठी टंकलेखन शिकली. इचलकरंजीत सरांची विद्यार्थिनी क्रांती माझ्यावर साडीच्या काठांची नक्षी काढू लागली. आज तिच्याच संगणकातून मी तुमच्याशी बोलते आहे. आणखी कोठे कोठे माझ्या प्रती गेल्या, ते मला ठाऊक नाही. वापरणाऱ्यांच्या नोंदी ठेवणे सरांना चोरून पाहण्यासारखे वाटे.

प्रत्येक प्रतीला त्यांनी एक शिस्त लावली होती. माझ्यात चूक निघाली की बावड्याहून दुरुस्ती येई आणि तिच्यावर गुप्त अंकांच्या शिक्क्याचा ठसा असे. तो ठसा जुळला तरच दुरुस्ती स्वीकारायची, नाहीतर नाकारायची. खुद्द शिक्का मात्र बावड्याच्या एका संगणकात, एकाच फिरत्या हार्ड डिस्कवर होता. दुसरी प्रत केली तर ती चोरीला जाऊ शकते, असे सर म्हणत. ते खरेच होते. पण ती डिस्क म्हातारी झाली होती. फिरत होती म्हणून फिरत होती. एकदा थांबून थंड झाली, तर पुन्हा फिरेल याची खात्री नव्हती. म्हणून सरांनी तिला इन्व्हर्टर जोडला आणि तो संगणक अखंड चालू ठेवला.

सरांची थोरली बहीण आक्का त्याच घरात राहत. खंडेनवमीला त्या कोयता, खुरपे, शिवणयंत्र धुऊनपुसून पुजत आणि हळदकुंकू घेऊन संगणकापाशीही येत. सर पूजेला हसत नसत. दर वर्षी एकच वाक्य बोलत, "फूल घाल आक्का, पन बंद करू नगंस." आक्का फूल घालत आणि बंद करत नसत.

यंदा श्रावणात सर गेले. वर्गात शिकवता शिकवता खाली बसले ते उठले नाहीत. माझे काम क्रांतीने हाती घेतले. शिक्क्याची दुसरी प्रत करायची, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवले. पण दिवाळीच्या मालासाठी मागावर गर्दी होती, संगणक चालू होता, घाई दिसत नव्हती. मागाला दसऱ्याची सुट्टी असते. तिने दसरा धरला.

खंडेनवमी त्याच्या आदल्या दिवशी आली.

क्रांती आपट्याची पाने घेऊन बावड्याला पोचली, तेव्हा संगणकाला झेंडूची माळ होती आणि खोलीत डिस्क फिरण्याचा ओळखीचा आवाज नव्हता. आक्कांनी अगदी प्रेमाने सांगितले, "माधवनं सोत्ताला इसावा दिला न्हाय, ह्यालाबी दिला न्हाय. काल म्हटलं, निजू दे एक दिस."

क्रांतीने बटण दाबले. आतून टक् असा आवाज आला, पुन्हा टक्, आणि मग तोही थांबला.

"उठतंय न्हवं?" आक्कांनी विचारले.

"दमलंय आक्का," क्रांती म्हणाली. "निजू दे."

आतले काही परत मिळते का, ते पाहायला डिस्क पुण्याला जाऊन आली. तिचा पृष्ठभाग खरवडला गेला होता. शिक्का गेला.

क्रांतीने नवा शिक्का घडवला आणि ओळखीच्या ठिकाणी स्वतः जाऊन माझ्या प्रतींना तो शिकवला. जिथले पत्ते ठाऊक नाहीत, तिथल्या प्रती आजही बावड्याकडे दुरुस्ती मागत असतील आणि नव्या शिक्क्याची दुरुस्ती नाकारत असतील. त्यांचे चुकत नाही. सरांनी त्यांना हेच शिकवले होते. जुन्या चुका उरात घेऊन, एखाद्या दिवशी त्या एकेक करून बंद पडतील.

नव्या शिक्क्याची दुसरी प्रत आक्कांच्या कपाटात ठेवावी, असे क्रांतीला वाटले. या वेळी तिने नुसते जपायला सांगितले नाही. शिक्का म्हणजे काय, तो हरवला तर काय होते, जुनी डिस्क थांबून थंड झाली की कशी अडकते, सारे समजावून दिले. बोलता बोलता आपण काय सांगून बसलो, हे तिच्या ध्यानात आले. पण तोवर आक्का माळ सुकलेल्या संगणकाकडे पाहत होत्या.

"म्हंजे त्या दिशी मीच," त्या म्हणाल्या.



मग संगणकावरची माळ उतरवत आक्का हळूच म्हणाल्या, "त्यानं शाळंतल्या समद्या पोरास्नी शिकीवलं. मला एकडाव सांगितलं असतं, तर मला कळलं नसतं व्हय?"

मित्रांनो, जे एकच आहे त्याची काळजी घ्या. त्याची दुसरी प्रत करून ठेवा. आणि घरातल्या माणसाला 'बंद करू नकोस' एवढेच सांगून थांबू नका. का, तेही सांगा. माधव सरांना सगळ्याची शंका येत असे. उद्या आपण असू की नाही, ही एक शंका तेवढी आली नाही.