मधल्या कड्यातला पेला

प्लास्टिकची पांढरी नळी, बोटाएवढी, टोकाला त्याच्याच दातांचे वण... चर्चबाहेर उभ्या गाडीत बसून वर्लिननं ती ओठांपर्यंत नेली आणि पुन्हा मांडीवर ठेवली. हिच्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही; श्वासात दारू सापडली तर नळीमागचं यंत्र गाडी अडवतं आणि कोर्टाला कळवतं. पिऊन गाडी चालवली म्हणून गेलेला परवाना न्यायाधीशानं परत दिला तो असा लंगडा — घर ते चीजचा कारखाना, आणि रविवारी चर्च. चर्च त्यानंच मागून घेतलं होतं. देवासाठी? छे! गावातून गाडी नेताना आपण लोकांना दिसावं म्हणून.

आणि आज चर्चनंच घात केला. प्रभुभोजनाच्या विधीत प्रत्येकानं एक घोट घ्यायचा; तबकात बाहेरच्या कड्यांत लाल वाइनचे चिमुकले पेले, मधल्या कड्यात फिकट द्राक्षरसाचे — ज्यांना वाइन चालत नाही त्यांच्यासाठी. सगळ्या बाकांचे डोळे आपल्या हातावर... ही माणसं! शेजाऱ्याची मान खाली गेली की ह्यांचा रविवार गोड होतो. बघू म्हणे, वर्लिन स्कार मधल्या कड्यात हात घालतो का — नाही घातला. बाहेरचा उचलला, घटकन प्यायला, आणि जागेवर येऊन बसला तेव्हा कुठे नळी आठवली.

यंत्राला वास लागला की परवाना जाणार, परवान्यामागं नोकरी. ह्या गावाला बस नाही. थांबावं, तर चर्चच्या हॉलच्या खिडक्यांमागं प्रार्थनेनंतर कॉफी पिणारी ती तोंडं. बघा, पोटभर बघा.

काचेवर टकटक झाली. म्हातारी अर्डिस मोएन, हातात पाण्याचा पेला. पहिल्या बाकावर डोळे मिटून बसणारी. तो लहानपणापासून तिला मनातल्या मनात ढोंगी म्हणत आलेला.

"चूळ भर. दोनदा. मग गप बसून राहा थोडा वेळ, तोंडातला वास जाईल."

"काही गरज नाही."

"माझ्या नवऱ्यानंही दारू सोडल्यावर पहिल्या रविवारी हाच तोरा दाखवला होता. तेव्हापासून मी मधलाच पेला घेते, त्याला सोबत म्हणून. तो गेला, सवय राहिली." तिनं पेला त्याच्या हातात दिला. "तुला कधी दिसलं नाही वाटतं?"

नव्हतं दिसलं. त्यानं चूळ भरली, दार उघडून थुंकली. तिच्यासाठी एखादा जहरी शब्द शोधला, सापडेना. मग त्यानं खिडक्यांकडे पाहिलं. सगळे पाठमोरे, केकच्या टेबलाभोवती वाकलेले. कुणीच बघत नव्हतं — बहुधा मघाशीही नसेल... त्याला कधी नव्हे इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. नळी मांडीवर तशीच होती. अर्डिस जात नव्हती.