बोरमगडच्या तटातलं पाणी

बोरमगडच्या किल्ल्याला बुरुज सात होते. त्यांतले उभे चार. दरवाजे दोन, कवाड एकालाही नाही. राजवाड्याच्या खोल्या तेवीस, छत एकीवरही नाही. आत नऊ एकरांचा तलाव, पूर्वेच्या तटाला भिडलेला, काठोकाठ भरलेला. आणि पूर्वेच्या तटाच्या पायथ्याशी, बाहेरच्या अंगाला, माणूस वाकून शिरेल एवढं दगडी भोक एक.

या भोकाचा इतिहास गावातल्या पोरासोरांनाही पाठ होता. गोंड राजानं म्हणे ते गावची पीडा कोंबायला ठेवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीची गावं मारबत, म्हणजे रोगराईचं बाहुलं, शिवेबाहेर नेऊन टाकत. बोरमगडवाले मात्र मोडके झाडू, फुटकी मडकी, दुखणेकऱ्यांची अंथरुणं त्या भोकात कोंबत, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत आणि मागं न पाहता घरी येत. किती पिढ्या, ते कोणी मोजलं नव्हतं.

१९५४ साली पोळा झाला आणि पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं. तटाखालच्या चव्वेचाळीस एकरांत धान गर्भात आलं होतं आणि बांध्यांना, धानाच्या खाचरांना, भेगा पडल्या होत्या. आत पाणी, बाहेर धान, मध्ये सहा हात जाडीचा तट.

एके सकाळी रामाजी पाटील माणसं आणि पहारी-सब्बली घेऊन तट फोडायला आले. मनकर्णा आडवी उभी राहिली. तिची दोन एकरांची बांधी तटाला लागूनच होती. तट फुटला की पहिलं धान तिचं वाहून जाणार होतं, आणि पुढच्या साली गावाला तलावच उरणार नव्हता.

"रामाजीभाऊ, तट नका फोडू. भोक मोकळं करा. पानी तिथूनच येत असंन."

"तुले कोनं सांगतलं? राजा आला होता सपनात?"

माणसं हसली.

"राजा काऊन येईन? गवतानं सांगतलं. वैशाखात सारं रान करपते, अन् भोकापाशी हरळी हिरवीगार. मी तेच कापून नेतो बैलाईले."

"पीडेचं गवत चारलं बैलाईले?"

"चारलं. पोळ्याले तुमीच म्हनले ना, मनकर्णाची जोडी गावात भारी!"

आता माणसं पाटलांकडे बघून हसली. रामाजी मात्र हसले नाहीत.

"पोरी, माझ्या आज्याच्या वक्ताची पटकी कोंबली हाये तिथी. बाहेर काढली अन् गावात शिरली तं?"

यावर सगळेच दोन पावलं मागं सरले. मनकर्णानं भोकाकडे पाहिलं. दोन सालांमागं तिचा नवरा नथ्थू तापानं गेला, तेव्हा त्याची गोधडी तिनंच या भोकात कोंबली होती.

"मारबत शिवेबाहेर न्यायची असते," ती म्हणाली. "आपल्या बुढ्यायनं आळस केला, अर्ध्या वाटेतच ठेवली. आज पुरी नेऊन टाकू."

आणि पदर खोचून ती आत शिरली. गोधडी वरच होती. ती बाहेर ओढली, डोक्यावर घेतली आणि शिवेकडे चालू लागली. तेव्हा मागून सादिक सुतारानं टोपली उचलली आणि त्यानं हाळी दिली, "घेऊन जाय गे मारबत!"

मग कोणी थांबलं नाही. दिवसभर टोपल्या निघत राहिल्या. खापरं, सुपं, खराटे, काळा चिखल. गावभर आरोळ्या. उन्हं कलताना सादिकची कुदळ लाकडावर वाजली. त्यानं हातानं चिखल पुसला. घडीव दगडाच्या तोंडात सागाचा मांडीएवढा जाड खुंटा ठोकलेला होता, आणि त्याच्या कडेनं पाणी पाझरत होतं.

"भाऊ, ही तं डाट हाये, पान्याचं बूच! अन् सडली बी नाई. राजाचा सुतार माझ्याहून उस्ताद होता."

रामाजी गुडघे टेकून आत गेले. डाट त्यांनीच हलवली. पाणी असं उसळलं की पाटील पागोट्यासकट न्हाऊन बाहेर आले.

"पानी सोडाले ठेवलं होतं गा हे राजानं," ते तोंड पुसत म्हणाले, "अन् आपन त्याच्या तोंडात झाडू कोंबले!"

मनकर्णा बांधीत उभी होती. पाणी भेगांत शिरलं, भेगा मिटल्या, मग घोट्यापर्यंत चढलं.

दसऱ्याला डाट परत ठोकली तेव्हा तलाव दोन हात एक वीत उतरला होता, आणि चव्वेचाळीस एकरांपैकी एक्केचाळीस एकर धान लोंब्या येऊन निसवलं होतं.